डोळे पाणावले, पण कळलं काय?

वाचकाचं पत्र

मी एका वृत्तपत्रात डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पानावर लावायचं काम करते. वर्षभरापासून आमच्याकडे उपायांवरच्या बातम्यांचं, म्हणजे एखादी समस्या कुणी कशी सोडवली ते सांगणाऱ्या बातम्यांचं, वेगळं पान निघतं. महिनाअखेरीस आम्ही तिघं त्या बातम्यांना गुण देतो. तक्त्यात दोन रकाने आहेत, 'कथन' आणि 'पुरावा'. दोन्ही १० गुणांचे.

गेल्या महिन्यात आमच्या एका तरुण बातमीदाराची स्टोरी आली. शाळा सोडलेल्या मुलांना घरोघर जाऊन परत आणणाऱ्या एका शिक्षिकेची. इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, असा होता: 'पहाटेचा अंधार अजून सरलेला नसतो. हातात टॉर्च, खांद्याला पिशवी, पायात झिजलेल्या चपला. बाई निघाल्या आहेत, शाळा सोडलेल्या मुलांच्या दारोदार.' आणि शेवट असा: 'आज शाळेचा पट पुन्हा भरला आहे. बहुतेक मुलं परत आली आहेत. शेवटच्या बाकावरची मुलगी फळ्याकडे बघून हसते.'

बाकी दोघांनी कथनाला ९ दिले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, तरी मी ४ दिले. का, ते मला धड सांगता आलं नाही. बातमीदार दुखावला. म्हणाला, "ताई, तुम्हाला गोष्ट नकोच आहे, तुम्हाला अहवाल हवाय." मग बोलता बोलता तो सहज म्हणून गेला की बाई पहाटे निघतात, कारण सहानंतर मुलांचे आईवडील कामाला निघून जातात. हे कॉपीत, म्हणजे त्यानं लिहून दिलेल्या मजकुरात, कुठेच नव्हतं.

मी खरंच कोरडी झालेय का? अशा बातमीतली गोष्ट चांगली की वाईट, हे ठरवायचं तरी कसं?

उत्तर

तुम्ही कोरड्या झालेल्या नाही. डोळे भरून आल्यावरही ज्याला काहीतरी खटकत राहतं, असा माणूस डेस्कवर असायलाच हवा. तुमचे ४ गुण मात्र चुकीच्या रकान्यात पडले, आणि माझ्या मते तो रकानाच चुकीचा आहे. आधी त्याबद्दल बोलते.

कथनाला १०, पुराव्याला १०. या तक्त्यात एखादी बातमी कथनात ९ आणि पुराव्यात ३ मिळवून १२ गुणांनी आरामात पास होते. म्हणजे पुराव्याची तूट वाचणाऱ्याच्या अश्रूंनी भरून निघते. उलटही होतं. आकडे ठासून भरलेली, दुसऱ्या परिच्छेदापलीकडे कुणी वाचणार नाही अशी कॉपीही तेवढेच गुण घेऊन जाते. दोन्ही वेळा आपण धरून चालतो की ऐवज आत आहे आणि गोष्ट हा वरून चढवलेला साज आहे. उपायांच्या बातमीत तसं नसतं. कुणीतरी काहीतरी करून पाहिलं, ते फसलं, मग एक गोष्ट बदलली, मग जमलं, आणि काही ठिकाणी तरीही जमलं नाही. हा घटनाक्रम हेच कथानक, आणि पुरावाही त्यातच असतो. म्हणून कथनाला वेगळे गुण देऊ नका. गोष्टीतला एकेक घटक हातात घ्या आणि विचारा, हा काय वाहून आणतोय?

तुमच्याच इंट्रोवर करून बघू. टॉर्च, पिशवी, चपला. तीन वस्तू, आणि तिन्ही तुमच्या बातमीदारानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या असणार. त्याची नजर चांगली आहे, हे आधी मान्य करू.

झिजलेल्या चपला काय सांगतात? बाई कष्टाळू आहेत, साध्या आहेत. वाचकाच्या मनात कणव आणि आदर. बस. त्या चपला नव्या असत्या तर एकही मूल कमी परत आलं नसतं. चपला उपायाचा भाग नाहीत.

टॉर्च मात्र आहे. सहानंतर घरात मोठं माणूस सापडत नाही, म्हणून बाई अंधारात निघतात. म्हणजे या उपायाचं मर्म वेळेत आहे. निर्णय घेणारं माणूस घरी असेल तेव्हाच दार वाजवायचं. दुसऱ्या कुठल्या शाळेनं हे करायचं ठरवलं, तर तिला बाईंचा जिव्हाळा उचलून नेता येणार नाही, पण ही वेळ नेता येईल. बातमीदारानं टॉर्च पाहिला, त्यामागचं कारणही विचारून घेतलं, आणि लिहिताना टॉर्चचा उपयोग फक्त अंधार दाखवायला केला. तुम्हाला जे खटकलं आणि सांगता आलं नाही, ते हेच असावं. हातात आलेला पुरावा त्यानं नेपथ्य म्हणून वापरला.

पिशवीबद्दल मला माहीत नाही. तिच्यात काय होतं? नाव पुन्हा घालण्याचे अर्ज? हजेरीची वही? की बाईंचा डबा? त्याला विचारा. पहिल्या दोन्हींपैकी काही असेल तर पिशवी ठेवा आणि उघडून दाखवा. डबा असेल तर काढून टाका.

आता हाच इंट्रो असा वाचून बघा: 'बाई पहाटे निघतात, हातात टॉर्च घेऊन. सहानंतर गेलं तर दारात फक्त मुलं भेटतात, आणि शाळा सोडायचं मुलांनी ठरवलेलं नसतं.' अंधार तसाच आहे, चालणारी बाईही तशीच आहे. गोष्ट कमी झालेली नाही. वाचकाच्या पदरात मात्र एक गोष्ट जास्त पडली. तुमच्या बातमीदाराला 'अहवाल हवाय का' याचं उत्तर या दोन ओळींत मिळेल, वाद घालावा लागणार नाही.

या प्रकारच्या पत्रकारितेची कसोटी नवी नाही, ती थोडक्यात सांगते. अमेरिकेत डेव्हिड बोर्नस्टीन आणि टीना रोझेनबर्ग यांनी २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये उपायांवरचं सदर सुरू केलं. २०१३ मध्ये कोर्टनी मार्टिन यांच्यासह त्यांनी सोल्यूशन्स जर्नालिझम नेटवर्क ही संस्था काढली. एखाद्या समस्येला लोकांनी दिलेला प्रतिसाद, तो चालतो याचा पुरावा, त्यातून इतरांना घेण्यासारखी समज, आणि त्याच्या मर्यादा, हे चारही बातमीत असले पाहिजेत, असा तिचा आग्रह. डेन्मार्कमध्ये उलरिक हागेरुप हे सार्वजनिक प्रसारण संस्थेत वृत्तप्रमुख होते. त्यांनी २०१७ मध्ये आरहूसला विधायक पत्रकारितेसाठी संस्था उभारली. त्यांचा रोख थोडा वेगळा, संपूर्ण बातमीदारीचा सूर बदलण्यावर. या सगळ्यामागची काळजी खरी होती. पत्रकारितेचा अभ्यास करणाऱ्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या पाहणीत २०१७ साली २९ टक्के लोक म्हणाले होते की आम्ही कधी कधी किंवा बऱ्याचदा बातम्या मुद्दाम टाळतो. २०२४ मध्ये तो आकडा ३९ टक्क्यांवर गेला. हे लोक परत यायचे असतील, तर त्यांना वाचावीशी वाटेल अशी गोष्ट लागणारच. म्हणून गोष्टीशी वैर मला परवडत नाही, आणि तुम्हालाही परवडू नये.

पण बघा, त्या चार कसोट्यांमध्ये 'मन हेलावणं' कुठेच नाही. ते मुद्दाम वगळलंय असं मला वाटत नाही. ते वाहन आहे, त्यातला माल म्हणजे हे चार.

डोळे भरलेले असताना तपासणी का होत नाही, याचं उत्तर मानसशास्त्रात सापडतं. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना गोष्ट वाचायला दिली आणि सांगितलं, जिथे काही खोटं किंवा विसंगत वाटेल तिथे गोल करा. जे गोष्टीत जास्त गुंगून गेले होते त्यांनी कमी गोल केले, आणि त्यांची मतंही गोष्टीच्या बाजूला जास्त झुकली. तुमच्या शेवटच्या परिच्छेदात एक शब्द आहे, 'बहुतेक'. बहुतेक मुलं परत आली. म्हणजे किती? कितीपैकी? परत आली म्हणजे नाव घातलं, की रोज येतात? सहा महिन्यांनी येत होती का? साधी नगरपालिकेच्या सभेची बातमी असती तर तुमच्या डेस्कवरच्या कुणीही 'बहुतेक' हा शब्द पाच सेकंदात पकडला असता. इथे तो तिघांच्या हातांखालून गेला, कारण पुढच्याच वाक्यात एक मुलगी हसत होती.

हे मला आतून माहीत आहे. मी डेस्कवर असताना अशीच एक कॉपी सोडली होती. एका वस्तीत तरुणांनी चालवलेलं वाचनालय. शेवटच्या ओळीत एक म्हातारे गृहस्थ पहिल्यांदा स्वतःचं नाव वाचतात. मी ती ओळ वाचून उठून बाहेर जाऊन आले, आणि परत येऊन कॉपी तशीच पानावर लावली. वाचनालय किती महिने चालू आहे, भाडं कोण भरतं, हे मी विचारलंच नाही. पुढच्या वर्षी पाठपुराव्याला माणूस पाठवला तेव्हा तिथे कुलूप होतं, आणि ते बातमी छापून आल्यावर थोड्याच दिवसांत लागलेलं होतं. त्या दिवसापासून मी अशी कॉपी दोनदा वाचते. पहिल्यांदा वाचकासारखी, सरळ. दुसऱ्यांदा शेवटच्या परिच्छेदापासून उलटी, एकेक परिच्छेद सुटा करून. उलट वाचली की गोष्टीचा ओघ तुटतो आणि 'बहुतेक', 'अनेक', 'हळूहळू', 'चित्र बदललं' असे शब्द उघडे पडतात. तुम्ही करून बघा.

आता पात्राबद्दल. इथे मला जास्त वेळ घ्यायचाय, कारण तुमच्या स्टोरीचा खरा दोष चपलांहून मोठा आहे. ती सगळी बाईंचीच आहे.

शांतो अय्यंगार या राज्यशास्त्रज्ञानं टीव्हीच्या बातम्यांवर केलेले प्रयोग १९९१ साली प्रसिद्ध झाले. गरिबीसारखा विषय एका माणसाच्या प्रसंगातून दाखवला, की प्रेक्षक जबाबदारी माणसावर टाकतात. तोच विषय परिस्थितीच्या संदर्भात दाखवला, की ते समाजाकडे आणि सरकारकडे बोट दाखवतात. हे उपायांच्या बातमीला लावून बघा. सगळं श्रेय एका बाईंच्या जिद्दीला दिलं, की वाचक मनातल्या मनात म्हणतो, 'अशा बाई सगळीकडे असत्या तर!' त्या सगळीकडे नसतात. मग वाचक हळहळतो आणि पान उलटतो. कौतुकाच्या आरतीत उपाय हरवून जातो. सोल्यूशन्स जर्नालिझम नेटवर्कनं उपायांच्या बातमीचं सोंग घेणाऱ्या कॉपींना नावंच दिली आहेत. त्यात नायकपूजा आहे आणि एका फटक्यात सगळं सुटलं असं सांगणारा रामबाणही आहे.

मग माणूस दाखवायचाच नाही का? दाखवायचा. पण तो घराचं दार असतो, अख्खं घर नसतो. दारातून आत गेल्यावर वाचकाला खोल्या दिसल्या पाहिजेत.

एक खरं उदाहरण घेऊ, ज्याची गोष्ट दोन्ही पद्धतींनी सांगता येते. अतिदक्षता विभागात रुग्णाच्या मोठ्या शिरेत नळी घालतात. तिच्यातून जंतुसंसर्ग रक्तात गेला तर माणूस दगावू शकतो. पीटर प्रोनोवोस्ट या डॉक्टरांनी त्यासाठी पाच साध्या गोष्टींची यादी केली: हात धुणं, ठरावीक जंतुनाशकानं त्वचा साफ करणं, रुग्णाला पूर्ण झाकणं आणि स्वतः मास्क, टोपी, गाऊन, हातमोजे घालणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, आणि गरज संपताच नळी काढणं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ही पद्धत राबवली आणि २००६ साली १०३ विभागांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नळीच्या दर हजार दिवसांमागे संसर्गाचा मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला आणि दीड वर्ष तसाच राहिला.

पहिली पद्धत: एक हुशार डॉक्टर, एक कागद, हजारो जीव. ही गोष्ट लिहायला तासभर लागतो आणि वाचायला फार छान वाटते.

दुसरी पद्धत: यादीतली एकही गोष्ट डॉक्टरांना नवी नव्हती. हात धुवावेत हे कुणाला माहीत नव्हतं? मग घोडं पेंड कुठे खात होतं? पायरी चुकली तर मोठ्या डॉक्टरला थांबवायची नर्सची छाती होत नव्हती. या उपक्रमात तो अधिकार तिला दिला गेला आणि व्यवस्थापन तिच्या पाठीशी उभं राहिलं. ठरवलेलं जंतुनाशक अनेक विभागांत साठ्यातच नव्हतं, ते आणवलं गेलं. सामान एका गाडीवर एकत्र ठेवलं, म्हणजे शोधाशोध नको. संसर्गाचे आकडे प्रत्येक विभागाला नियमित परत दाखवले जाऊ लागले.

दुसऱ्या गोष्टीत नाट्य कमी आहे असं कोण म्हणेल? नर्स म्हणते, "डॉक्टर, थांबा." हा क्षण नायकाच्या कुठल्याही भाषणापेक्षा जोरदार आहे. आणि तोच क्षण उपाय समजावून सांगतो. अशी जागा सापडली की समजा, कथन आणि पुरावा एकाच वाक्यात आले. तुमच्या पानावरच्या प्रत्येक कॉपीत ही जागा शोधा: कुणाचा तरी अधिकार, वेळ, सवय किंवा पैशाची वाट नेमकी बदलली तो क्षण. तो नसेल, तर कॉपीला वळणबिंदू नाही, मग कितीही हुंदके असोत.

मिशिगनची गोष्ट इथे संपत नाही. इंग्लंडनं २००९ ते २०११ दरम्यान असाच कार्यक्रम राबवला. संसर्ग सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. पण जे विभाग उशिरा सामील झाले, त्यांच्याकडे सामील होण्याआधीच संसर्ग उतरत चालला होता. मग श्रेय कार्यक्रमाला किती आणि आधीपासून चालू असलेल्या सुधारणेला किती, हे सांगणं अवघड झालं. बातमीदाराला हा परिच्छेद नकोसा वाटतो, कारण तो गोष्टीचा जोर कमी करतो असं त्याला वाटतं. मला उलट वाटतं. इथपर्यंत वाचलेल्या वाचकाला आता खरी उत्सुकता लागलेली असते, की मग तिकडे चाललं कशामुळे? मर्यादा ही शेवटी चौकटीत टाकायची तळटीप नाही, ती कथानकातली गाठ आहे. डेस्कवर आपणच जागा कमी पडली की हा परिच्छेद पहिल्यांदा कापतो, हेही कबूल करायला हवं. तुमच्या हातात पेन असेल तेव्हा चपला कापा, हा परिच्छेद ठेवा.

तुमच्या शाळेच्या स्टोरीतही तुलना हवी होती. शेजारच्या शाळांत त्याच काळात गळती कमी झाली का? झाली असेल तर बाईंच्या फेऱ्यांखेरीज आणखी काही घडलेलं असणार. ओहायोतल्या क्लीव्हलँडच्या द प्लेन डीलर या दैनिकानं २०१५ मध्ये मुलांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेवर मालिका केली. नुसतं दुःख न मांडता त्यांनी रॉचेस्टर हे शहर समोर ठेवलं, जिथे भाड्याच्या घरांची शिशासाठी तपासणी २००५ सालच्या ठरावानं सक्तीची झाली होती. 'हे होऊच शकत नाही' म्हणणाऱ्यांची तोंडं अशी दुसऱ्या गावाची गोष्ट बंद करते. २०१९ मध्ये क्लीव्हलँडनंही तसाच कायदा केला. सगळं श्रेय मालिकेला देता येणार नाही, पण तुलना गोष्टीला कशी ताकद देते ते दिसतं.

आकड्यांबद्दल तुमचा बातमीदार एक हरकत नक्की घेईल, म्हणून आधीच सांगून ठेवते. तो म्हणेल, आकडे आले की भावना मरते. याला आधार आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टीन आणि पॉल स्लोव्हिक यांच्या २००७ च्या प्रयोगात लोकांना ५ डॉलर मिळाले होते आणि त्यातून मदत द्यायची होती. एका भुकेल्या मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले. फक्त आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. आणि मुलगीही, आकडेवारीही, असं दोन्ही वाचलेल्यांनी १.४३. आकडे शेजारी आल्यावर मुलीसाठीचा हात आखडला.

पण आपण देणगी मागत नाही. आपल्याला वाचकाचा हात खिशाकडे न्यायचा नाही, त्याला एखादी गोष्ट कळावी एवढंच हवंय. म्हणून या प्रयोगातून मी एवढंच घेते, की अश्रूंच्या ऐन क्षणी आकडा कोंबू नये. आकड्याला माणसाच्या हातून आणावं. बाई संध्याकाळी हजेरीची वही उघडतात आणि परत आलेल्यांच्या नावांवरून बोट फिरवतात, तिथे आकडा आपोआप येतो. बोट एखाद्या नावावर थांबतं, तिथे मर्यादाही येते.

राहिला शेवट. सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते, कारण गोष्टीला शेवट लागतो आणि उपाय चालूच असतो.

दक्षिण आफ्रिकेतला एक पंप तुम्हाला आठवत असेल. मुलांचं गोल फिरणारं चक्र, त्याला जोडलेला पाण्याचा पंप. मुलं खेळतात, पाणी वर टाकीत चढतं. एमी कॉस्टेलो या बातमीदारानं २००५ साली अमेरिकी सार्वजनिक टीव्हीवर तो दाखवला. हसणारी मुलं, वाहणारं पाणी. यापेक्षा सुंदर शेवटचं दृश्य सापडणार नाही. २००६ मध्ये अमेरिकी सरकार आणि खासगी प्रतिष्ठानांनी मिळून १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर केले. २०१० पर्यंत ४,००० पंप बसवायचं ठरलं. पुढे २००९ साली गार्डियननं हिशेब मांडला, की ठरवलेलं पाणी मिळवायचं तर मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. दिवसात तेवढे तास नसतात, हे २००५ सालीही कळण्यासारखं होतं. हिशेब कुणी मांडला नाही, कारण दृश्यच इतकं पुरेसं होतं.

मला या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचं. कॉस्टेलो स्वतः मोझांबिकला गेल्या आणि २०१० मध्ये त्यांनी पुढची बातमी दाखवली. पंप बंद पडलेले, दुरुस्तीला महिनोन् महिने कुणी आलेलं नाही, आणि मुलांच्या चक्रावर पाण्यासाठी मोठ्या बायका स्वतः जोर लावताहेत, ज्यांना ते अवघडही होतं आणि लाजिरवाणंही. काही ठिकाणी आधीचा चालू हातपंप काढून हा बसवला होता. आपल्याच गाजलेल्या बातमीचा शेवट आपल्याच हातांनी बदलायला धैर्य लागतं. मी या बाईंना मनापासून मानते.

म्हणून शेवट तपासताना मी दोन गोष्टी बघते. शेवटचं दृश्य सगळ्यांचं प्रातिनिधिक आहे, की सर्वांत गोड आहे म्हणून निवडलंय? आणि वाचकाला हे कळतं का, की आपण हे कुठल्या टप्प्यावर पाहतोय: पहिल्या महिन्यात, तिसऱ्या वर्षी, पैसे संपायच्या आधी की नंतर? शेवटच्या बाकावरची मुलगी हसते, हे खरंच असेल. ती परत येऊन किती दिवस झाले होते, एवढे तीन-चार शब्द त्या वाक्यात असते तर मी तिचं हसू आनंदानं छापलं असतं.

भाषेबद्दल थोडंच सांगते, कारण ते तुम्हाला माझ्याइतकंच कळतं. 'कायापालट', 'नंदनवन', 'आशेचा किरण' हे शब्द दिसले की समजा बातमीदाराकडे तिथे माहिती नव्हती. कोट, म्हणजे माणसांच्या तोंडची वाक्यं, तीही तशीच. 'मुलं शिकली पाहिजेत हीच माझी तळमळ' असं बाई म्हणाल्या असतील, पण 'पहिल्या वर्षी मी संध्याकाळी जायचे, कुणी दार उघडायचं नाही' असंही म्हणाल्या असतील. दुसरा कोट मिळवायला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, इतकंच.

आता तुमच्या तक्त्याचं काय करायचं? दोन्ही रकाने पुसा. प्रत्येक कॉपीच्या समासात प्रत्येक दृश्यापुढे, कोटापुढे, वस्तूपुढे लिहा, हा काय वाहून आणतो: प्रतिसाद, पुरावा, समज, मर्यादा, की नुसती भावना. नुसत्या भावनेच्या एक-दोन जागा असू द्या, वाचकालाही श्वास घ्यायला जागा लागते. पण इंट्रो आणि शेवट दोन्ही त्याच खात्यात गेले, तर कॉपी परत पाठवा. गुण नंतर द्या, एकच आकडा, तिघांनी चर्चा करून. बाकी दोघं कुरकुर करतील. त्यांना ती शाळेची कॉपी उलटी वाचायला द्या.

आणि त्या मुलाशी बोला. त्याला ४ गुण दिलेत, आता त्याचं देणंही द्या. त्याला सांगा की टॉर्च त्यानं पाहिला आणि कारण विचारलं, ही त्या महिन्यातली तुमच्या पानावरची सर्वांत चांगली बातमीदारी होती, फक्त ती कॉपीत उतरली नाही. मग त्याला पुन्हा पाठवा. दिवस द्या, डेडलाइन नको. बाईंसोबत त्यानं ज्या दारांत उभं राहायचं ती आता वेगळी आहेत. 'बहुतेक' या शब्दाच्या बाहेर जी मुलं राहिली त्यांची दारं. बाई त्यांच्याकडे कितीदा गेल्या, दार कुणी उघडलं, काय उत्तर मिळालं, आणि बाई आता तिथे जातात की जायचं सोडलंय. बाईंना त्या मुलांची नावं पाठ असणार.